पेक्षा आणि दॅन

सोलापुरात एका चौकात उभं राहिलं तरी चार भाषा कानावर पडतात. मराठी आहेच. पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरांतली तेलुगू, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हमखास ऐकू येणारी कन्नड, आणि गावभर पसरलेली दखनी. ‘हे त्याच्यापेक्षा मोठं’ एवढंच या चौघींत म्हणून पाहावं. मराठीत ‘त्यापेक्षा मोठं’, कन्नडात ‘अदक्किंत दोड्डदु’, तेलुगूत ‘दानिकंटे पेद्ददि’, दखनीत ‘उससे बडा’. चारही ठिकाणी तुलनेचा सगळा भार ‘त्या’वर. पेक्षा, किंत, कंटे, से, जे काय चिकटायचं ते त्यालाच चिकटतं. ‘मोठं’ बिचारं एकटं असताना होतं तसंच राहतं. लिंगवचनापुरतं बदलेल, पण शेजारी कोणी लहान येऊन बसलं म्हणून त्याचं रूप पालटत नाही.

त्यामुळे पोरगं कुठल्याही गल्लीतून आलेलं असो, ‘बिग’चं ‘बिगर’ झालेलं पाहून दचकतं. घरची कुठलीच भाषा इथे मदतीला येत नाही.

*

वह्यांत दिसणाऱ्या चुकांना कारणं असतात. ‘रमेश इज टॉल दॅन सुरेश’ हा मराठीचा सरळ उतारा. उंच तो उंच, त्याला कशाला हात लावायचा? ‘मोर टॉलर दॅन सुरेश’ हा त्याच्या पुढच्या इयत्तेतला, जरा घाबरलेला. काहीतरी लावायचं असतं एवढं आठवतं, मग दोन्ही लावून टाकू, एक तरी बरोबर निघेल.

तिसरी चूक मला सर्वांत आवडते: ‘टॉल फ्रॉम सुरेश’. यात मुलाने विचार केलेला आहे. आपल्याकडे ‘पुण्याहून आलो’ आणि ‘पुण्याहून मोठं’ यांत ‘हून’ एकच. दखनीत ‘घरसे आया’ आणि ‘उससे बडा’ यांत ‘से’ एकच. मग ‘फ्रॉम’ने काय घोडं मारलंय? उत्तर एवढंच की इंग्रजीने या कामाला ‘दॅन’ नावाचा वेगळा गडी ठेवलाय आणि ‘फ्रॉम’ला तिथे फिरकू देत नाहीत. हे समजावून सांगावं लागतं. नुसता लाल शेरा मारून भागत नाही.

*

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं. पद्धत वाईट नव्हती, पण तुलनेच्या वाक्यात ती मुलाला उलटं चालायला लावते. ‘सुरेशपेक्षा रमेश उंच’ असं आपण म्हणतो. आधी मापाची काठी, मग मोजायची वस्तू, शेवटी निकाल. इंग्रजीत आधी वस्तू, मग निकाल आणि काठी सर्वांत शेवटी. मराठी वाक्य समोर ठेवून मूल पहिल्या शब्दापासून सुरुवात करतं आणि ‘दॅन सुरेश रमेश...’ इथे येऊन पेन चावत बसतं.

त्यापेक्षा वर्गात दोन मुलं शेजारी उभी करावीत आणि थेट इंग्रजीतच बोलायला लावावं. मराठी वाक्य मध्ये आणूच नये. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीला भेटायचं. एवढ्या लवकर भेटतंय, तर सहा वर्षांच्या पोराला ‘कम्पॅरेटिव्ह डिग्री’ हा शब्द शिकवायची काही गरज नाही. ‘हू इज टॉलर?’ म्हटलं की दोघं टाचा उंचावतात. व्याकरण तिथेच झालं.

*

शेवटी ‘ईआर’चं शेपूट कुठे लावायचं आणि आधी ‘मोर’ कुठे, याला टाळीचा उपाय बरा. शब्द उच्चारताना टाळ्या वाजवायच्या. ‘टॉल’ला एक, ‘क्लीन’ला एक, ‘चीप’ला एक: टॉलर, क्लीनर, चीपर. ‘ब्यु-टि-फुल’ला तीन, ‘एक्स-पेन्-सिव्ह’ला तीन: मोर ब्युटिफुल, मोर एक्स्पेन्सिव्ह. तीन टाळ्यांच्या शब्दाला शेपूट लावायला गेलं की जीभच तक्रार करते.

घोळ दोन टाळ्यांचा. शेवटी ‘वाय’ असेल तर बिनधास्त शेपूट: हॅपिअर, इझिअर, आणि आपल्या बाजारातला लाडका कॉस्टलिअर. ‘युजफुल’, ‘मॉडर्न’ यांना मोर. ‘क्लेव्हर’, ‘सिंपल’, ‘नॅरो’ यांना दोन्ही चालतं, त्यामुळे तिथे गुण कापणाऱ्या मास्तरांनी आधी शब्दकोश उघडावा. ‘गुड’, ‘बॅड’, ‘लिटल’, ‘मेनी’ हे घरचेच लाड झालेले शब्द. बेटर, वर्स, लेस, मोर. ते कुठलाच नियम पाळत नाहीत, पाठ करायचे आणि विसरून जायचं.

स्पेलिंगचं एक. ‘हॉट’ला शेपूट लावताना शेवटचा टी दोनदा येतो, ‘बिग’चा जी दोनदा. एक स्वर आणि त्यामागे एकच व्यंजन असलं की व्यंजन दुप्पट. ‘चीप’मध्ये स्वर दोन, ई आणि ए, म्हणून पी एकच. सोलापुरात ‘हॉटर’ची उजळणी मार्चपासून आपोआप सुरू होते.

*

आता उजनी.

व्याकरणाची पुस्तकं सांगतात की काही विशेषणांना तुलना नसते. ‘एम्प्टी’, ‘फुल’, ‘डेड’, ‘परफेक्ट’. रिकामं म्हणजे रिकामं. त्याहून रिकामं काय असणार? तर्काला हे पटतं. पण सोलापूर जिल्ह्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला पटत नाही.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. पोटात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास, आणि उरलेला, म्हणजे निम्म्याहून जास्त, मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्यावर. तो संपला की धरण शून्य टक्के. म्हणजे कागदोपत्री ‘एम्प्टी’. पण शून्यावर ते थांबत नाही. उन्हाळ्यात मृतसाठ्यातून पाणी घेतच राहतात आणि बातम्या येतात: उजनी उणे १०, उणे २५, उणे ४०. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य आमच्याकडे चहाच्या टपरीवर आजारी नातेवाइकाची खबर द्यावी तसं बोललं जातं. उणे ५० म्हणजे मेलेल्या साठ्यातलंही जवळजवळ २७ टीएमसी उपसलेलं. आता हे रिकाम्याहून रिकामं नाही तर काय? ‘एम्प्टिअर दॅन एम्प्टी’ या प्रयोगावर कुणी लाल शाई चालवू नये. आणि ‘डेड’ला तुलना नसते हेही दरवर्षी मे महिन्यात इथे तपासून घ्यावं लागतं.

त्याच धरणावर आणखी एक प्रश्न. उजनी मोठं की कोयना? कोयनेचा एकूण साठा १०५ टीएमसी. तेव्हा ‘उजनी इज बिगर दॅन कोयना’ हे बरोबर. पण कोयनेत मृतसाठा थोडकाच आहे, उपयुक्त पाणी शंभराच्या घरात. तेव्हा ‘कोयना इज बिगर दॅन उजनी’ हेही बरोबर. व्याकरण दोन्ही वाक्यांना पूर्ण गुण देतं. ‘दॅन’च्या पुढे नाव लिहून काम संपत नाही, कोणत्या बाबतीत मोठं हेही सांगावं लागतं. दोन मित्र टपरीवर यावरून हमरीतुमरीवर आले तर दोघांनाही चहा पाजावा.

*

‘दगडापेक्षा वीट मऊ.’ ही म्हण इंग्रजीच्या तासाला फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे. वीट मऊ नसते, डोक्यात पडली तर कळतं. ती फक्त दगडापेक्षा मऊ. ‘टॉलर’ म्हणजे ‘टॉल’ नव्हे, हे एवढ्या कमी शब्दांत कुठल्याही व्याकरणकाराने सांगितलेलं नाही. साडेचार फुटी बंड्या सव्वाचार फुटी गुंड्यापेक्षा ‘टॉलर’ असतोच, म्हणून दोघांतल्या कोणाला बास्केटबॉलच्या संघात घेत नाहीत.

पेशंटला ‘कसं वाटतंय?’ विचारलं आणि तो ‘बेटर’ म्हणाला तर लगेच डिस्चार्ज मागू नये. कालच्यापेक्षा बेटर म्हणतोय तो. आपल्या ‘बरं आहे’मध्येही ही मेख आहे. ‘त्यातल्या त्यात बरं’ असं पूर्ण म्हटलं की खरं काय ते कळतं.

*

नोकरदार मराठी माणूस एका ठिकाणी न शिकता बरोबर बोलतो. ‘तो मला दोन वर्षं सीनिअर’, ‘ती मला ज्युनिअर होती’. ‘मला’. इंग्रजीतही नेमकं ‘सीनिअर टू मी’ लागतं, ‘दॅन’ चालत नाही. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर ही लॅटिन घराण्याची मंडळी, तुलना पोटातच घेऊन आलेली. त्यांना ‘दॅन’ नको असतो, ‘टू’ हवा असतो. आणि अर्थातच ‘मोर सुपीरिअर’ म्हणून पुन्हा एकदा ‘मोर’ चढवायचा नसतो.

पण त्याच माणसाला इंग्रजीत अर्ज लिहायला बसवा. सावध होऊन तो ‘सीनिअर दॅन मी’ लिहितो.

‘एल्डर’चं उलटं झालंय. ‘ही इज एल्डर टू मी’ हे सबंध भारतात चालतं, इंग्रजांकडे नाही. तिकडे ‘एल्डर’ घरातल्या नात्यापुरतं, नामाच्या आधी लावायचं: एल्डर ब्रदर, एल्डर सिस्टर. आपलं ‘थोरला’ तसंच वागतं. थोरला भाऊ, थोरले माधवराव. ‘तो माझ्यापेक्षा थोरला’ असं कोणी सहसा म्हणत नाही, ‘मोठा’ म्हणतात. तिकडेही तिथे ‘ओल्डर दॅन मी’. हा जोड लक्षात आणून दिला की पोरं पुन्हा चुकत नाहीत.

*

शिकवणी वर्गांच्या फलकांवर जूनमध्ये हमखास दिसणारं वाक्य: ‘वन ऑफ द बेस्ट क्लास इन सोलापूर’. ‘क्लास’ एकच राहिला, अनेकवचन गेलं. पुष्कळ चांगल्यांपैकी एक म्हणायचं तर मागे पुष्कळ उभे पाहिजेत: ‘वन ऑफ द बेस्ट क्लासेस’. मराठीत ‘सर्वोत्तम वर्गांपैकी एक’ असं लिहिताना कोणी ‘वर्गापैकी एक’ करत नाही. मग इंग्रजीत बाकीच्या क्लासांना हाकलून का दिलं, याचं उत्तर व्याकरणात नसून धंद्यात असावं.

*

दहावीची पिढ्यान्‌पिढ्यांची डोकेदुखी, ‘चेंज द डिग्री’. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची. ‘नो अदर’ने सुरू होणारं वाक्य आणि ‘दॅन एनी अदर’वालं वाक्य बोर्डाच्या पेपराबाहेर जन्मात कोणी वापरत नाही, असं मुलांचं ठाम मत असतं. त्यातला ‘अदर’ मात्र वाटतो तेवढा फालतू नाही. ‘सोलापूर इज हॉटर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’ म्हटलं तर सोलापूर महाराष्ट्रातच असल्यामुळे ते स्वतःहूनही जास्त तापलेलं ठरतं. म्हणून ‘एनी अदर सिटी’. उलट ‘हॉटर दॅन एनी सिटी इन काश्मीर’ म्हणताना ‘अदर’ घातला की सोलापूर थेट काश्मिरात जाऊन बसतं. एप्रिलअखेर पारा ४३-४४ला टेकला की ही चूक कोणालाही करावीशी वाटेल.

जाता जाता: महाराष्ट्रातल्या इतर सर्व शहरांपेक्षा सोलापूर जास्त तापतं हे वाक्य व्याकरणात बरोबर असलं तरी चंद्रपूरकर ते ऐकून घेणार नाहीत.

*

‘वेल नोन’ची तुलना ‘मोर वेल नोन’ अशी करतात. हवं ‘बेटर नोन’. वाक्य घोकायचंच तर असं घ्यावं: डॉ. कोटणीस आर बेटर नोन इन चायना दॅन इन इंडिया. द्वारकानाथ कोटणीस जन्मले सोलापुरात, १९१० साली. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला. चिनी पाहुणे त्यांचं जन्मघर पाहायला मुद्दाम सोलापूरला येतात. आमच्यातल्या किती जणांनी ते आतून पाहिलंय हे विचारू नये. वाक्यात मी ‘आर’ लिहिला तो मराठी आदरार्थी बहुवचनाच्या सवयीने. इंग्रजी परीक्षेत ‘इज’ लिहावं, डॉक्टरांचा अपमान होत नाही.

*

‘मोर बेटर’ ऐकून तोंड वाकडं करणाऱ्यांसाठी. शेक्सपिअर बिनदिक्कत दुहेरी तुलना वापरतो. सीझरच्या प्रेतापुढच्या अँटनीच्या भाषणातसुद्धा ती आहे. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लोथने १७६२ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात असल्या दुहेरी रूपांना अयोग्य ठरवलं. तेव्हापासून ती अडाण्याची खूण झाली. गंमत म्हणजे ‘लेसर’ हे ‘लेस’ला पुन्हा शेपूट लावून झालेलं, आणि ‘निअर’ मुळातच तुलनेचं रूप होतं, त्यामुळे ‘निअरर’मध्ये तुलना दोनदा झालीय. त्यांना कोणी हटकत नाही.

आपण तरी कुठे सोवळे? श्रेष्ठ, कनिष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ ही संस्कृतातली शेवटच्या पायरीची रूपं. श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगला. त्यावर आपण ‘सर्वश्रेष्ठ’ चढवतो, ‘अधिक श्रेष्ठ’ म्हणतो, सत्कार समारंभात ‘श्रेष्ठतम’पर्यंत जातो. आणि एसटीत ‘ज्येष्ठ नागरिकां’साठी राखून ठेवलेल्या जागा शब्दशः घेतल्या तर गावातला सर्वांत म्हातारा माणूस सोडून कोणालाच बसता येणार नाही.

तरीही परीक्षेत ‘मोर बेटर’ लिहू नये. शेक्सपिअर पेपर तपासायला येत नाही.

*

मराठी विशेषण वर चढत नाही, पण खाली मात्र झकास उतरतं. काळा, काळसर. गोड, गोडसर. ओला, ओलसर. लांब, लांबट. आंबट, आंबूस. आणि एकदम टोकाला जायचं तर जोडीदार घेऊन जातं: काळाकुट्ट, पिवळाधमक, हिरवागार, कोरडाठाक. यांना ‘पेक्षा’ची गरजच नाही. काळ्याकुट्टाला कोणाशी ताडून पाहायचं नसतं.

मोजून तुलना करायची तर आपण थेट आकड्यावर येतो. शेरास सव्वाशेर. बापाहून सवाई. दीडशहाणा. इंग्रजीतला ‘क्लेव्हरर’ किती क्लेव्हर ते सांगत नाही. आपला शहाणा मात्र नेमका अर्ध्याने वाढतो, आणि तेवढ्यानेच वाया जातो.

*

‘व्हेरी बेटर’ नको. ‘व्हेरी’ साध्या रूपापाशी थांबतो. तुलनेच्या रूपाला ‘मच’ लागतो, किंवा ‘फार’. हो, इंग्रजीतला ‘फार’. फार बेटर, फार चीपर. आपला ‘फार’ आणि त्यांचा ‘फार’ यांचं नातं काही नाही, पण कानाला सारखे लागतात, त्यामुळे हे रूप मुलांच्या डोक्यात लगेच बसतं. फक्त ‘फार गुड’ म्हणू देऊ नये. तिथे सोयरीक तुटते.

*

चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक ‘याच्यात जरा भारी दाखवा’ म्हणतं. ‘भारी’ म्हणजे वजनाने नव्हे, दर्जाने आणि दराने. ‘हलक्यातली’ म्हणजे स्वस्तातली. परगावचं गिऱ्हाईक इंग्रजीत ‘बेटर वन’ मागतं, तेव्हा विक्रेता आधी ‘कशापेक्षा?’ विचारतो, कारण त्याच्यापुढे गठ्ठ्यात वीस चादरी आहेत. हा प्रश्न जाहिरातवाल्यांना कोणी विचारत नाही. ‘व्हाइटर’, ‘ब्राइटर’, ‘सॉफ्टर’ एवढंच छापतात आणि ‘दॅन’ गिळून टाकतात. इंग्रजी शेपटाची ही मोठी सोय: तुलना केल्यासारखं दिसतं आणि काठी दाखवावी लागत नाही. एका टॉवेलच्या पाकिटावर ‘नाऊ सॉफ्टर’ वाचून काउंटरवरच्या पोराला विचारलं, कशापेक्षा रे? तो म्हणाला, “काका, मागच्या मालापेक्षा. त्यो लई टोचायचा की.”

*

‘दॅन आय’ की ‘दॅन मी’? बोलताना ‘दॅन मी’ सगळे म्हणतात, म्हणू द्यावं. भांडण होतं ते दुसऱ्या प्रकारच्या वाक्यात. ‘मदर लाइक्स हिम मोर दॅन मी’: आईला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो, की मला तो जेवढा आवडतो त्यापेक्षा आईला जास्त आवडतो? इंग्रजीत दुसरा अर्थ हवा असेल तर ‘दॅन आय डू’ म्हणून मोकळं होता येतं. मराठीतलं ‘आईला तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो’ ऐकताना मात्र कुठला अर्थ घ्यायचा हे बोलणारा धाकटा आहे की थोरला, यावर ठरतं.